शिकार, मासेमारी आणि पीकराखण : खानापूर-बेळगाव परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्याचा जंगलपट्टा, बेळगाव तालुक्याची पश्चिमेकडची गावं, मलप्रभा, मार्कंडेय व घटप्रभेचा काठ आणि चिकोडी-निपाणीकडचा कृष्णा-दूधगंगेचा भाग, इथले शेतकरी आणि मासे पकडणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. वन्यजीव कायद्याची माहिती १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतरची आहे. जुन्या पुस्तिकांतली परिशिष्टं (म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या) आणि दंडाचे आकडे आता धरू नका.

माझ्याच शेतात शिरलेलं रानडुक्कर मी मारलं, तर तोही गुन्हा का?

हो. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चं कलम ९ जागा कुणाची हे बघत नाही. राखीव जंगल, गायरान, मालकीचं शेत, घराचं परसू, सगळीकडे परिशिष्ट १ आणि २ मधल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. रानडुक्कर सध्या परिशिष्ट २ मध्ये आहे, गवा परिशिष्ट १ मध्ये. पीक तुमचं असलं तरी जनावर तुमचं होत नाही. शेतातले उंदीर-घुशी या परिशिष्टांत नाहीत, त्यांचा बंदोबस्त करायला परवाना लागत नाही.

गोळी घातलीच नाही, नुसता हाका दिला किंवा बॅटरी घेऊन फिरलो, तर?

कायद्यातली शिकारीची व्याख्या बरीच रुंद आहे. मारणं तर त्यात आहेच. त्याशिवाय विष घालणं, पकडणं, फास किंवा वाघर लावणं, हाका देऊन जनावर हाकलणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी काढणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. त्यामुळे "आमच्या हाती काहीच लागलं नाही" हा बचाव टिकत नाही. हाक्याला उभा राहिलेला पोरगाही आरोपी होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा गावात सगळ्यांत आधी तोच पकडला जातो.

शिक्षा किती?

सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी परिशिष्ट १ मधला असेल, किंवा शिकार अभयारण्याच्या हद्दीत झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं आणि २५,००० रुपयांपेक्षा कमी नाही इतका दंड. म्हणजे भीमगड अभयारण्यात ससा मारला तरी ही मोठी शिक्षा लागू होते. शिवाय बंदूक, जाळं आणि गाडी जप्त होते. मटण विकत घेणाराही सुटत नाही. घरात मांस, कातडं किंवा शिंग सापडलं की ते कायदेशीर मार्गाने आलं हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर येते.

चंदगडकडे डुक्कर मारायला परवानगी मिळते म्हणतात. मग इकडे का नाही?

कायदा केंद्राचा एकच आहे, पण परवानगी देणारे अधिकारी राज्याचे. कलम ११ खाली परिशिष्ट २ मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरला, तर त्या राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने तो मारायची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्राचे आदेश आणि अटी महाराष्ट्राच्या हद्दीत लागू. पाटणे किंवा हेऱ्याच्या शेतकऱ्याकडचा कागद जांबोटीत चालत नाही, मग दोन्हीकडे एकाच भावकीची जमीन का असेना. सीमेवरच्या गावांत नेमकी हीच चूक होते: पलीकडे जखमी झालेलं डुक्कर अलीकडे येतं, माणसं त्याच्या मागोमाग येतात आणि कर्नाटकातला गुन्हा होऊन बसतो.

'उपद्रवी' जाहीर करणं ही निराळी गोष्ट. ती कलम ६२ खाली केंद्र सरकार करतं, ठरावीक भागासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी. दुसऱ्या राज्यातल्या अशा अधिसूचनेची बातमी मोबाईलवर फिरली म्हणजे ती आपल्याला लागू झाली असं समजू नका.

परवानगी मागायची तर अर्ज कुठे करायचा?

आपल्या रेंजच्या (वनक्षेत्राच्या) आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात. खानापूर तालुक्यात खानापूर, कणकुंबी, लोंढा, नागरगाळी, गोल्याळी आणि भीमगड अशा रेंज आहेत. आपलं गाव कशात येतं हे गार्डला (वनरक्षकाला) विचारून घ्या. अर्जात सर्व्हे नंबर, पीक, किती गुंठ्यांचं नुकसान, कोणत्या तारखांना झालं हे लिहा. फोटो, उतारा आणि आधीच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडा. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्या. लेखी आदेश हातात येईपर्यंत काही करू नका; आदेश आला तरी त्यात लिहिलेला प्राणी, जागा आणि मुदत यांच्या बाहेर जाता येत नाही. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळे वाटे घालायचे नाहीत.

गवा, बिबट्या, अस्वल, हत्ती यांच्यासाठी पिकाचं कारण पुरत नाही. परिशिष्ट १ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल किंवा तो बरा न होण्यासारखा जखमी-आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक स्वतः निर्णय घेतात, तोही पकडणं किंवा बेशुद्ध करून हलवणं शक्य नसेल तर.

अस्वल अंगावर आलं आणि झटापटीत मेलं, तर?

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने केलेला प्रतिकार गुन्हा ठरत नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वतः शिकारीसारखं बेकायदा काम करत असाल, तर हे संरक्षण मिळत नाही. अशी घटना घडली की लगेच कळवा, जागा तशीच ठेवा.

अस्वलाशी गाठ बहुधा काजूच्या आणि फणसाच्या दिवसांत, पहाटे आणि संध्याकाळी पडते. अस्वलाची नजर अधू असते, वाऱ्याची दिशा उलटी असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी चाल करून येतं. बी गोळा करायला एकट्याने जाऊ नका, मोठ्याने बोलत जा, आणि उजाडल्याशिवाय काजूत शिरू नका.

तारेचे फास फक्त डुकरासाठी लावलेत. बिबट्या अडकला तर आमचा काय दोष?

फास जनावर ओळखत नाही. डुकराच्या वाटेवर लावलेल्या क्लचच्या वायरीत भेकर, साळिंदर, बिबट्या, शेजाऱ्याची म्हैस आणि तुमचा स्वतःचा कुत्राही अडकतो. अडकलेलं जनावर जितकं ओढतं तितकी तार आत जाते. तार तोडून सुटलेला बिबट्या पायात वायर घेऊन फिरतो, पळणारं भक्ष्य त्याला धरता येत नाही, आणि मग तो गोठ्याकडे वळतो. म्हणजे फासाने पीक वाचतं की नाही हे बाजूला राहू द्या, गावाला नवा धोका मात्र नक्की तयार होतो. कायद्याच्या दृष्टीनेही लावणाऱ्याच्या मनात काय होतं याने सुटका होत नाही.

फास दिसला तर: हात लावू नका, लांबून आणि जवळून फोटो घ्या, मोबाईलवर जागेची नोंद करा आणि गार्डला बोलवा. फास बहुतेक ओढ्याच्या ओलांडीवर, कुंपणाच्या खिंडारात किंवा काटक्यांचा आडवा बांध घालून मध्ये मुद्दाम सोडलेल्या वाटेवर असतात. एक दिसला की त्याच ओळीत आणखी असणार, म्हणून दोन्ही बाजूंना पाहा. जिवंत जनावर अडकलेलं असेल तर गर्दी जमवू नका. माणसं जवळ आली की ते जिवाच्या आकांताने ओढतं, आणि बेशुद्ध करणारा पशुवैद्य येईपर्यंत पाय निकामी झालेला असतो.

मोटारीच्या कनेक्शनवरून रात्री कुंपणाला करंट सोडला तर?

हे अजिबात करू नका. घरगुती किंवा मोटारीचा २३० ते ४०० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो; स्नायू आखडतात आणि माणसाला तार सोडताच येत नाही. ओल्या बांधावर अनवाणी पाणी पाजायला गेलेला शेजारी, पहाटे गवत कापायला आलेली बाई, जागलीवरून परतणारा घरचाच माणूस असे बळी यातच जातात. माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेखाली मनुष्यवधाचा किंवा निष्काळजीपणाने मृत्यूचा खटला होतो, वीजचोरीचं कलम वेगळं लागतं, आणि जनावर मेलं तर वन्यजीव कायदा आहेच.

मग झटका मशीन चालतं का? ते नीट कसं बसवायचं?

चालतं, आणि आमच्या मते भात, मका व रताळ्याला आज याच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि साधारण दर सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागापुरता, काही हजार व्होल्टचा ठोका सोडतं. ठोका आणि ठोका यांच्या मधल्या वेळात तार सोडता येते, म्हणून जोराचा धक्का बसतो पण जीव जात नाही. मशीन भारतीय मानक आयएस ३०२ भाग २ विभाग ७६ प्रमाणे प्रमाणित असलेलंच घ्या. गावात जोडून मिळणारी स्वस्त मशीनं बिघडली की सरळ प्रवाह सोडू शकतात.

डुकरासाठी तीन तारा: जमिनीपासून साधारण ६ इंच, १२ इंच आणि २० ते २४ इंचांवर. डुक्कर नाक खाली लावून चालतं. नाकाला ओल असते, तिथेच झटका बसला पाहिजे. सगळ्यात खालची तार ९-१० इंचांवर गेली की ते खालून घुसतं आणि पाठीवरच्या राठ केसांमुळे त्याला काही जाणवतही नाही. गव्याचा त्रास असेल तर वर ३ आणि ५ फुटांवर आणखी दोन तारा. खांब १० ते १५ फुटांवर, कोपऱ्याचे खांब मजबूत आणि टेकू दिलेले. तार जस्ताचा मुलामा दिलेली. प्रत्येक खांबावर इन्सुलेटर. सायकलच्या ट्यूबचे तुकडे एका पावसातच गळती सुरू करतात.

बिघाड बहुतेक अर्थिंगमध्ये असतो. ५-६ फुटी जस्ताचे तीन रॉड, एकमेकांपासून सुमारे १० फुटांवर, शेतातल्या सगळ्यात ओल्या जागी ठोका आणि एकाच तारेने जोडा. खानापूरकडच्या जांभ्या मातीत फेब्रुवारीनंतर ओल उरत नाही, झटका नुसता नावाला राहतो. रॉडभोवती खड्डा करून कोळसा व मीठ भरा आणि आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. पावसाळ्यात उलटा त्रास: गवत खालच्या तारेला टेकतं आणि प्रवाह तिथेच जमिनीत उतरतो. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तारेखालचा दीड फुटाचा पट्टा साफ करा. टेस्टरने कुंपणाचं मशीनपासून सगळ्यात लांबचं टोक तपासा. तिथे ४ किलोव्होल्टच्या खाली गेलं की डुक्कर तार ओलांडायला शिकतं, आणि एकदा शिकलं की पुढे ६ किलोव्होल्टलाही जुमानत नाही. म्हणून पीक पोटरीत येण्याआधी कुंपण सुरू करा. निसवून दाणा दुधात आल्यावर सुरू केलं तर त्या वासाला चटावलेला कळप झटका सोसून आत येतो.

दर ५० मीटरवर पिवळी पाटी लावा, आणि मशीनची तार कधीही घरच्या लाइटला जोडू नका. कुंपणाला वनविभागाचं अनुदान चालू आहे का हे रेंज कार्यालयात विचारा. खरेदीच्या आधी विचारा, नंतर पावती दाखवून उपयोग होत नाही.

एवढा खर्च झेपत नाही. स्वस्तात काय करता येईल?

साड्या, केस, फिनेल, बुजगावणं: आठ-दहा दिवस चालतं, मग डुकराला सवय होते. तरीही दाणा दुधात असतानाचे तीन-चार आठवडेच खरे धोक्याचे असल्यामुळे हे उपाय पाळीपाळीने बदलत राहिले तर कामाला येतात. सगळे एकदम लावून टाकू नका.

जिथे दगड आहे तिथे चार फुटांचा गडगा अजूनही उत्तम. पायाचे दगड मोठे आणि जमिनीत बसवलेले हवेत, नाहीतर डुक्कर मुसंडी मारून खालून पाडतं. जागल एकट्याने करण्यापेक्षा आठ-दहा शेतांनी मिळून पाळी लावली तर माणूस झोपेअभावी मोडत नाही. माळा जमिनीपासून किमान १२ फूट उंच हवा आणि हत्तीच्या वाटेवर अजिबात नको. उसाचा मोठा सलग फड हा डुकरांचा दिवसाचा मुक्काम असतो. भाताला लागून ऊस असेल तर मध्ये दहा फुटांचा मोकळा पट्टा ठेवा, उघड्यावर यायला डुक्कर बिचकतं.

गावठी बॉम्ब?

कणकेत किंवा फळात दारू भरून ठेवलेला गोळा शेळी, गाय आणि मूल यांनाही सारखाच. गाईचा जबडा फुटला की ती खाऊ-पिऊ शकत नाही आणि दिवसेंदिवस तडफडून मरते. स्फोटकांचा गुन्हा वेगळा लागतो. असा गोळा सापडला तर उचलू नका, ११२ ला फोन करा.

बिबट्याने किंवा वाघाने वासरू मारलं. मढ्यावर औषध टाकलं तर पुन्हा येणार नाही ना?

जून २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, चामराजनगर जिल्ह्यातल्या मले महादेश्वर डोंगरात, मेलेल्या गाईवर घातलेल्या विषाने एक वाघीण आणि तिचे चार बछडे मेले आणि माणसं तुरुंगात गेली. विष मढ्यावरच थांबत नाही: गावची कुत्री, कोल्हे, गिधाडं, घारी, आणि पाऊस पडला की खालचा ओढा. रिकाम्या झालेल्या हद्दीत काही महिन्यांत दुसरा बिबट्या येतोच, बहुधा तरुण आणि शिकारीत कच्चा, म्हणजे गुरांकडे लवकर वळणारा. गोठ्याला वरून जाळी, खाली फट न राहणारं दार आणि रात्री वासरं आत, याने पुढचं नुकसान टळतं. मढं हलवू नका, कारण भरपाईचा पंचनामा त्यावरच होतो.

भरपाईसाठी नेमकं काय करायचं? आमचे अर्ज अडकून का पडतात?

नुकसान दिसल्याच्या दिवशीच, फार तर २४ तासांत, गार्ड किंवा रेंज कार्यालयाला कळवा. कर्नाटक वनविभागाच्या 'ई-परिहार' प्रणालीत नोंद होते. नोंदणीचा क्रमांक मागून घ्या. कागद: उतारा म्हणजे आरटीसी, आधार, बँक पासबुक, तारखेसह फोटो, आणि जनावर मेलं असेल तर सरकारी पशुवैद्याचा शवविच्छेदन दाखला. फोटोत पायाचे ठसे, चावलेली ताटं, मानेवरचे दात आणि मागे ओळखू येईल असं झाड किंवा घर येऊ द्या. ठशाशेजारी काडेपेटी ठेवली की आकार कळतो. रक्कम शासन आदेशाने बदलत असते, म्हणून शेजाऱ्याला मागच्या वर्षी काय मिळालं यावर हिशोब करू नका.

अर्ज अडकण्याची कारणं जवळजवळ ठरलेली. पहिलं, आरटीसी अजून आजोबांच्या नावावर, वारसा नोंद झालेलीच नाही. दुसरं, नावातला फरक: उताऱ्यावर कन्नडमध्ये एक, बँकेत इंग्रजीत दुसरं, आधारवर तिसरं. आडनाव आणि वडिलांचं नाव सगळीकडे जुळवून घेणं हे पावसाळ्याआधी करायचं काम आहे, नुकसान झाल्यावर नव्हे. तिसरं, सामाईक खात्यात बाकीच्या भावांची संमती नसणं. चौथं, पंचनामा व्हायच्या आधीच शेत नांगरणं किंवा मढं पुरणं. पाचवं, अभयारण्याच्या आत चरायला सोडलेलं जनावर. त्याची भरपाई बहुधा नाकारली जाते. फॉर्म कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर ग्रामपंचायतीत कुणाकडून तरी वाचून घ्या आणि मगच सही करा. क्षेत्र 'गुंठे' ऐवजी 'एकर'च्या रकान्यात गेलं तरी अर्ज परत येतो.

गाडीखाली मेलेलं भेकर घरी नेलं, तर त्यात काय चुकलं?

मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि ताब्यात आल्यास ४८ तासांत पोलिसांना किंवा वनविभागाला कळवावं लागतं. अपघातात मेलेलं आहे असं सांगून शिकार खपवली जाते, म्हणून ही अट आहे. चोर्ला आणि जांबोटी रस्त्यावर रात्री गाडी हळू चालवा. एक भेकर रस्ता ओलांडून गेलं की मागे दुसरं असू शकतं.

घोरपडीचं तेल गुडघ्याला खरंच गुण देतं?

नाही. तसा कोणताही पुरावा नाही. घोरपड परिशिष्ट १ मध्ये आहे, खवले मांजरही. बाजारात मिळणारं तेल बहुतेक वेळा भलतंच असतं.

शिमग्याची पारध ही आमची परंपरा आहे. ती बंद करायची?

प्रथा म्हणून कायद्यात सूट नाही. पण पारधीतलं सगळंच शिकार नव्हे: गावदेवाला गाऱ्हाणं, मानकऱ्यांचा मान, रानात एकत्र जाणं, वाटून खाणं. हे सगळं जनावर न मारता करता येतं. या भागातल्या देवराया टिकल्या त्या देवाच्या नावाने कुऱ्हाड आणि हत्यार बाहेर ठेवल्यामुळेच, त्यामुळे हा मार्ग परका नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा: रान पेटवून जनावर बाहेर काढायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये लागलेली आग जमिनीवरची घरटी, पिसोरीची पाडसं आणि पुढच्या वर्षीचा चारा एकदमच संपवते.

आजोबांची ठासणीची बंदूक घरात आहे.

परवाना नसेल तर शस्त्र कायदा १९५९ खाली नुसती बाळगणं गुन्हा आहे. परवाना वारसाच्या नावावर आपोआप येत नाही. पोलीस ठाण्यात कळवून बंदूक जमा करा आणि मग अर्ज करा. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वनविभागाकडेही नाव नोंदवायचं असतं. कोडगूतल्या लोकांना मिळणारी सूट आपल्याला लागू नाही, आणि त्यांनाही ती बंदूक बाळगण्यापुरतीच आहे, शिकारीसाठी नाही.

मासे कुठे पकडता येतात?

१९०.४२ चौरस किलोमीटरच्या भीमगड अभयारण्यात, म्हणजे त्या हद्दीतल्या म्हादईच्या पात्रातही, नाही. गोकाक तालुक्यातल्या धूपदाळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात नाही. राखीव जंगलातल्या ओढ्यांना कर्नाटक वन कायदा १९६३ लागू होतो. राकसकोप हे बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथेही उतरू नका. हिडकल आणि नविलतीर्थसारख्या मोठ्या जलाशयांत मत्स्यव्यवसाय खात्याचे ठेके आणि परवाने असतात, गावतळी काही खात्याकडे तर काही ग्रामपंचायतीकडे. जाळं टाकण्याआधी पाणी कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा.

चढणीचे मासे पिढ्यान्‌पिढ्या धरतो. त्याने नदीतले मासे कमी कसे होतील?

चढण म्हणजे माशांची वीण. पहिल्या मोठ्या पावसात पाणी गढूळ झालं की मासे नदी सोडून ओढ्यातून, मळ्यातून, भाताच्या खाचरांपर्यंत वर चढतात, कारण उथळ, उबदार आणि अन्नाने भरलेल्या पाण्यात पिल्लं वाचतात. त्या आठवड्यात धरलेल्या प्रत्येक मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. पूर्वी चार घरं चार जागी धरायची, बाकीचे मासे वर जायचे. आता ओढ्याच्या तोंडालाच मच्छरदाणीचं कापड आडवं बांधलं जातं आणि त्या ओढ्याची वर्षभराची वीण दोन रात्रींत संपते. त्यात भर म्हणजे अनेक ओढ्यांवर बंधारे झाले आहेत, त्यामुळे मासे एकाच जागी खोळंबतात आणि ढिगाने सापडतात.

पूर्ण बंद करणं जमत नसेल तर निदान एवढं करा: पहिल्या चढणीचे तीन-चार दिवस अजिबात धरू नका. ओढ्याच्या रुंदीचा निम्मा भाग नेहमी मोकळा ठेवा. मच्छरदाणी वापरू नका. बोटभर पिल्लू निसटेल एवढं भोक हवं. पोट फुगलेली मादी सोडा. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरणीला, पिल्लं नदीकडे परतताना, ओढ्याचं तोंड बांधू नका. चढणीबद्दल सगळे बोलतात, पण उतरणीला होणारं नुकसान तितकंच मोठं असतं.

सुरुंग, ब्लीचिंग पावडर किंवा बॅटरीचा करंट वापरून मासे मारले तर काय होतं?

पाण्यात स्फोटक किंवा विष वापरणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. सुरुंगाने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते, म्हणून मेलेल्यांपैकी बरेच मासे तळाला जातात आणि मारणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत. डोहात अंडी, पिल्लं, किडे काही उरत नाही, मग पुढची दोन-तीन वर्षं तिथे गळ टाकूनही उपयोग नसतो. पावडर किंवा कीटकनाशक टाकलेलं मलप्रभेचं पाणी खाली खानापूर शहर पितं. गेळाची फळं ठेचून टाकण्याची जुनी पद्धतही लहान डोहात सगळंच मारते. करंटने मरणारी माणसं वेगळीच.

अचानक एका डोहात मासे उलटे तरंगताना दिसले तर ते खाऊ नका, गुरांना पाणी पाजू नका. स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी भरून झाकण घट्ट लावा आणि ग्रामपंचायत व पोलिसांना कळवा.

खडस (महसीर) कमी झालाय. बाहेरून पिल्लं आणून सोडली तर?

स्वतःहून सोडू नका. कावेरीत बाहेरची खडसाची जात सोडल्यामुळे तिथला मूळ, पाठीला कुबड असलेला महसीर संपायला आला. एका नदीत उपकार ठरणारा मासा दुसऱ्या नदीत स्पर्धक होतो. खडसाला वाहतं पाणी, स्वच्छ गोटे आणि उन्हाळ्यात न आटणारे डोह लागतात. वाळू-खडी उपसली की अंडी घालायला जागाच उरत नाही. तेव्हा पिल्लं आणण्याआधी गावाने एक खोल डोह राखीव ठेवावा. गळाला खडस लागलाच तर हात ओले करून धरा, गलफड्यात बोट घालू नका, पाण्याबाहेर पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका.

आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे. तळं फुटलं की तो नदीत जातो आणि बाकीचे मासे खातो. चिलापी जाळ्यात आली तर परत सोडू नका, खा.

जाळ्यात कासव, पाणमांजर किंवा मगर आली तर?

कासव: जाळं कापून लगेच सोडा, उपडं ठेवू नका. पाणमांजर श्वासासाठी वर यायला धडपडतं, त्यामुळे रात्रभर बघितलं नाही तर बुडून मरतं. जाळं दोन-तीन तासांनी तपासत राहा. मगर कृष्णेकाठी नवीन नाही. ती जाळ्यात असेल तर जाळ्याची आशा सोडा, काठावरून मागे व्हा आणि वनविभागाला बोलवा. मासे साफ केलेली घाण धुण्याच्या आणि आंघोळीच्या घाटावर टाकल्याने मगरी माणसांच्या जागी येतात.

खेकडे आणि बेडूक?

खेकडे शेतातून आणि गावओढ्यातून धरा, राखीव जंगलात रात्री बॅटरी घेऊन शिरू नका. पोटाखाली पिल्लं घेतलेली मादी सोडा. मोठा बेडूक धरणं गुन्हा आहे, आणि पहिल्या पावसात गोव्याकडे पोती भरून पाठवणाऱ्यांमुळे त्याच मोसमात भाताला कीड वाढते.

भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुंफा बघायला जाता येतं का?

परवानगीशिवाय नाही. रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, आणि १९१३ मध्ये त्याची ओळख पटली ती याच गुंफेतून. बॅटरीचा झोत आणि आवाज यांनी पिल्लं आईपासून सुटून खाली पडतात.

शिकारीची माहिती दिली तर गावात वैर येतं. काय करावं?

फोनवर नाव न सांगताही माहिती देता येते. उपयोगी माहिती म्हणजे जागा, वेळ, गाडीचा नंबर, माणसं किती, हत्यार कोणतं. स्वतः अडवायला जाऊ नका. गावच्या ग्रुपवर आधी टाकू नका, कारण तिथून बातमी शिकाऱ्यापर्यंत सर्वांत लवकर पोचते. सीमेपलीकडचं असेल तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६, कुठेही तातडी असेल तर ११२. आणि वाघ-बिबट्या दिसल्याचा फोटो जागेसकट पुढे पाठवू नका.

ग्रामसभेत कोणता ठराव घ्यावा?

अंमलबजावणी करता येईल असाच. उदाहरणार्थ: गावच्या हद्दीत फास, करंट, बॉम्ब आणि विष वापरणाऱ्याची तक्रार पंचायत स्वतः करील, अमुक डोहापासून अमुक डोहापर्यंत बाराही महिने मासेमारी नाही, चढणीचे पहिले चार दिवस बंदी, गावकुत्र्यांना वर्षातून एकदा रेबीजची लस, भरपाईचे अर्ज भरून द्यायला एक माणूस आणि त्याला पंचायतीकडून मानधन. डोहाच्या खुणा नावानिशी आणि सर्व्हे नंबरासह लिहा. ठराव मराठीत वाचून दाखवा, कन्नड प्रत रेंज कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय खात्यात द्या, पोच घ्या. हे सगळं मे महिन्यात उरकावं. जून लागला की माणसं शेतात असतात आणि मासे ओढ्यात.